सहा गेले, तीन गेले

२०२२च्या फेब्रुवारीतली गोष्ट. करोनाची तिसरी लाट ओसरत आली होती आणि मी डोंगरीत मामूंकडे गेलो होतो. मामूंची सगळी हयात जहाजावर गेली. खलाशी म्हणून लागले, सारंग होऊन उतरले, आता पंचाहत्तरी पार आहेत. जमातीत कुणाचा इंतकाल झाला की तारीख, नाव, कुणाचा कोण हे एका वहीत लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय. ती वही त्यांनी माझ्यापुढे टाकली.

"तू शिकलेला माणूस, आता हिशेब कर," ते म्हणाले. "डिसेंबरपासून आपल्या जमातीतले साठीच्या वरचे नऊ जण या आजाराने गेले. त्यातल्या सहा जणांनी सुई घेतलेली होती, तिघांनी नव्हती. मग सुईने वाचवलं कुणाला?"

मामूंनी लस घेतली नव्हती. मुलं, सुना, मशिदीतले मौलाना, सगळे सांगून दमले होते. मामू अडाणी नाहीत आणि अफवांवर चालणारेही नाहीत. ज्यांच्या जनाजाला ते स्वतः उभे राहिले त्या माणसांची नावं त्यांनी मोजली होती. त्यांच्याशी बोलताना 'व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवू नका' हे नेहमीचं वाक्य कामाचं नव्हतं.

मी म्हणालो, "मामू, सहा कितीपैकी आणि तीन कितीपैकी?"

मग आम्ही जमातीची यादी घेऊन बसलो. साठीच्या वरची माणसं निघाली साधारण दोनशे दहा. त्यांतली एकशे ऐंशीच्या आसपास लस घेतलेली, तीसेक न घेतलेली. म्हणजे घेतलेल्यांतले शंभरात तीन-साडेतीन गेले आणि न घेतलेल्यांतले शंभरात दहा. मला वाटलं, जिंकलो. मामूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिसातले तीन. एक कमी गेला असता तर?"

तर शंभरात साडेसहा. दोन कमी गेले असते तर शंभरात साडेतीन, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच. शिवाय त्या तिघांतले एक चाचा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, आणि त्यांना लसीच्या केंद्रावर नेणार कोण म्हणूनच त्यांची लस राहिली होती. मामूंनी हेही मला सांगितलं. मी गप्प झालो. माझी टक्केवारी चुकली नव्हती, पण मामूंचा आक्षेपही चुकला नव्हता.

ज्या इमारतीत आम्ही बसलो होतो तिथून जुना उमरखाडी तुरुंग हाकेच्या अंतरावर आहे. आता तिथे मुलांचं निरीक्षणगृह आहे, डोंगरीत त्याला सगळे ओळखतात. मामूंचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी याच तुरुंगात, आणि त्याच्या आधी भायखळ्याच्या तुरुंगात, विचारला गेला होता. तेव्हा मला तो इतिहास अर्धामुर्धा माहीत होता. नंतरच्या आठवड्यात नीट वाचून काढला आणि मामूंना सांगितला. तोच इथे लिहितो आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी एका रोग्याला गाठीचा प्लेग असल्याचं ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत अर्धी मुंबई गावाकडे पळाली. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबरात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागले. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. मटणाच्या रश्श्यासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, मग ते उष्णता देऊन मारायचे, ही त्यांची रीत. गायीचं नको आणि डुकराचं नको म्हणून बकऱ्याचं मांस घेतलं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तिथे गेले. तीनशेहून थोडे जास्त कैदी होते. ज्यांची तयारी होती अशा १५४ जणांनी टोचून घेतलं, बाकीच्यांनी घेतलं नाही. एकच कोठार, एकच अन्न, एकच हवा. त्यापुढच्या दिवसांत न टोचलेल्या सुमारे १७२ जणांत १२ आजारी पडले आणि ६ मेले. टोचलेल्यांत दोन आजारी पडले, मेलं कुणीच नाही.

लसीच्या इतिहासात हे आकडे विजयाच्या थाटात सांगितले जातात. पण मामूंसारखा माणूस समोर असेल तर तो लगेच दोन गोष्टी विचारील.

पहिली म्हणजे, १५४पैकी तिघांना त्याच दिवशी गाठी आल्या होत्या. सुई टोचली तेव्हा आजार त्यांच्या अंगात आधीच होता, म्हणून त्यांना हिशेबातून वगळलं गेलं. वगळणं रास्त आहे, पण एका अटीवर: समोरच्या गटातलेही त्या दिवसाचे रोगी वगळले पाहिजेत. दोन्ही बाजूंचं घड्याळ एकाच क्षणी सुरू व्हायला हवं. त्या तिघांना परत धरलं तर टोचलेल्यांतले रोगी दोनाचे पाच होतात, शंभरात सव्वातीन. न टोचलेले शंभरात सात. फरक उरतो, पण दिमाख कमी होतो.

दुसरी म्हणजे आकड्यांचा लहानपणा. सहा आणि शून्य. हे निव्वळ नशिबाने होऊ शकतं का? याचा हिशेब घरी बसून करता येतो. एका मडक्यात ३२२ चिठ्ठ्या टाका, १७२ काळ्या, १५० पांढऱ्या. लसीचा काहीच उपयोग नाही असं धरायचं, म्हणजे मरण कुणालाही सारखंच गाठतं. आता न बघता सहा चिठ्ठ्या काढा. सहाच्या सहा काळ्याच निघतील असं साधारण पंचेचाळीस वेळांत एकदा होईल. अशक्य नाही, पण सहजासहजी होणारंही नाही.

आता तोच तुरुंग सहापट लहान होता असं समजा. न टोचलेले २९, त्यातला एक मेला. टोचलेले २५, त्यातलं कुणी नाही. शेकडा प्रमाण जवळपास तेच, साडेतीन विरुद्ध शून्य. पण या वेळी मडक्यातून एकच चिठ्ठी काढायची आहे आणि ती काळी निघायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे हा निकाल कशाचाच पुरावा नाही. टक्केवारी तीच, मात्र एकीच्या मागे तीनशे माणसं उभी आहेत आणि दुसरीच्या मागे पन्नास. वर्तमानपत्रात छापताना मागची माणसं गळून जातात आणि टक्के तेवढे उरतात.

शून्याचंही तसंच. दीडशेत एकही मेला नाही याचा अर्थ धोका शून्य झाला असा नाही. लस घेऊनही शंभरात दोघं मरणार असती, तरी दीडशे माणसांत एकही न मरण्याचा योग वीस वेळांत एकदा येतोच. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की बारा मुलांच्या शाळेचा शंभर टक्क्यांचा फलक लागतो आणि शेजारची दोनशे मुलींची नगरपालिकेची शाळा ८८ टक्क्यांवर मान खाली घालून बसते. असे फलक पाहिले की मला भायखळ्याचं ते शून्य आठवतं.

हाफकिन यांना हे कळत नव्हतं असं नाही. मुंबईच्या आधी ते कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात फिरले होते. १८९४च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कटल बागान बस्तीत एका तलावाभोवती कॉलरा सुरू झाला. दोनशेच्या आसपास वस्ती, त्यातल्या ११६ जणांनी टोचून घेतलं. नंतर दहा जण आजारी पडले, सात मेले, आणि ते सगळे न टोचलेल्यांतले. तिथे त्यांना उमगलं की दूरच्या दोन गावांची तुलना फोल असते. एकाच तलावाचं पाणी पिणाऱ्यांची तुलना हवी.

तरी एक भोक राहत होतं. स्वतःहून पुढे येऊन सुई घेणारा माणूस आणि नको म्हणणारा माणूस मुळात सारखे असतात का? पुढे येणारा कदाचित अंगाने धडधाकट असेल, स्वच्छ राहत असेल, जिवाला जपत असेल. मामूंच्या यादीतले ते खिळलेले चाचा आठवा. त्यांचं मरण 'न घेतलेल्यां'च्या खात्यात पडलं, पण लस न घेण्याचं कारण आणि मरणाचं कारण एकच होतं. भायखळ्यात जे राजी झाले तेच टोचले गेले होते. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात, म्हणजे मामूंच्या घराशेजारी, कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचलं. कुणाला सुई मिळणार हे कैद्याच्या मनावर राहिलं नाही आणि डॉक्टरच्याही नाही. आज मोठमोठ्या औषधांच्या चाचण्या ज्या तत्त्वावर चालतात त्याचं हे ओबडधोबड रूप डोंगरीत बसलं होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण सगळ्यात भारी प्रयोग झाला बडोद्याजवळच्या उंधेरा गावात, फेब्रुवारी १८९८मध्ये. हजारेक वस्तीचं गाव, त्यात प्लेग शिरलेला. हाफकिन यांनी घरोघरची माणसं बाहेर उभी केली आणि प्रत्येक घरातली साधारण निम्मी टोचली, निम्मी सोडली. बाया, पुरुष, पोरं, म्हातारी, दोन्ही बाजूंना जमेल तितकी सारखी वाटून. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्या घरांपुरताच हिशेब केला. त्या घरांत टोचलेले ७१ होते, न टोचलेले ६४. टोचलेल्यांत ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्यांत २७ आजारी पडले आणि २६ मेले.

हे आकडे भायखळ्यापेक्षा लहान आहेत. १३५ माणसं, तिथे तीनशेहून जास्त होती. तरी माझ्या मते त्यांचं वजन जास्त आहे. एक तर फरकच प्रचंड: न टोचलेल्यांत शंभरात चाळीस मरणं, टोचलेल्यांत चार. इतक्या फरकाला मोठा जमाव लागत नाही. जमाव लागतो तो बारीक फरक पकडायला. आणि दुसरं, तुलना एकाच चुलीवर जेवणाऱ्या, एकाच ओसरीवर झोपणाऱ्या माणसांची आहे. गट लहान असला तरी दोन्ही बाजू जोडीच्या आहेत. उलट लाखभर माणसं जमवली आणि एका बाजूला बंगल्यातली, दुसऱ्या बाजूला चाळीतली ठेवली, तर त्या लाखाचा काडीचा उपयोग नाही.

मुंबईत मात्र हे आकडे लोकांपर्यंत शांतपणे पोचण्यासारखी हवाच नव्हती. प्लेगच्या नावाखाली घरात शिरणारे गोरे शिपाई, बायकांची तपासणी, रोग्याला उचलून नेणं. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. २२ जून १८९७ला पुण्यात रँडवर गोळी चालली. ९ मार्च १८९८ला भायखळ्याजवळच्या रिपन रोड भागात एका जुलाहा विणकराच्या घरी तपासणी पथक गेलं, आजारी बारा वर्षांच्या मुलीला न्यायचं म्हणून. मोहल्ला उठला आणि दिवसअखेर गोळीबारापर्यंत गेलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत रँड आहे, ती विणकराची मुलगी नाही. असो.

इस्पितळात गेलेला परत येत नाही, असं लोक तेव्हा म्हणत, आणि ते डोळ्यांनी बघून म्हणत. पण त्या म्हणण्यातही तोच गुंता होता. लोक रोग्याला लपवत, अगदी शेवटच्या घटकेला तो सापडे, आणि इस्पितळात पोचेपर्यंत त्याचं काही उरलेलं नसे. त्याचं मरण इस्पितळाच्या नावावर लागे. ते ऐकून शेजारी आपला रोगी आणखी दडवत, म्हणजे इस्पितळाचा आकडा आणखी बिघडे. पुढे मुंबईत जातीजातींची, जमातींची स्वतःची प्लेग इस्पितळं निघाली. तिथे लोक भरवशाने लवकर येत, घरची माणसं जवळ असत. अशा इस्पितळाचा आकडा सरकारी इस्पितळापेक्षा चांगला दिसला तर त्याचं श्रेय औषधाला किती आणि पहिल्या दिवशीच दारात आलेल्या रोग्याला किती, हे नुसत्या टक्केवारीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

या सगळ्या अविश्वासात एक वेगळी गोष्ट घडली. खोजा इस्माइली जमातीचे इमाम तिसरे आगा खान, सर सुलतान मुहम्मद शाह, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं, एकदा नव्हे तर अनेकदा. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला 'खुश्रू लॉज' बंगला दिला. जमातीतले हजारो लोक त्यांच्या मागून गेले. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याकडे इमाम होता, माझ्याकडे वही आहे." त्यांचं बरोबर होतं. विश्वासाच्या माणसाकडे पाहून सुई घेणं हा एक रस्ता झाला. पण ज्याला मोजूनच पटतं त्याला मोजूनच उत्तर द्यावं लागतं.

सरकारने १८९८मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने तेच केलं. अध्यक्ष प्रा. टॉमस फ्रेझर, आणि सभासदांत अल्मरॉथ राइट हे नाव ध्यानात ठेवण्यासारखं. टायफॉइडची लस काढणारे हेच. कमिशनने हाफकिन यांच्या आकड्यांची चिरफाड केली. शहरातल्या आकड्यांत एक घोळ फार सूक्ष्म असतो. साथ महिनोन्‌महिने चालते, टोचणंही चालूच असतं. जो पहिल्या आठवड्यात मेला त्याला टोचून घ्यायला वेळच मिळाला नाही, तो आपोआप 'न टोचलेला' ठरतो. जो तिसऱ्या महिन्यात टोचला त्याने आधीचे दोन महिने न टोचलेला म्हणून सुखरूप काढले, पण शेवटी मोजताना तो पूर्णपणे 'टोचलेल्यां'त बसतो. अशा हिशेबात साधं पाणी टोचलं तरी ते गुणकारी दिसेल. म्हणून माणसं मोजून भागत नाही, कोण किती दिवस कोणत्या बाजूला होता ते मोजावं लागतं. एवढी झाडाझडती घेऊनही कमिशनचा निष्कर्ष लसीच्या बाजूनेच आला: प्लेग होण्याचं प्रमाण घटतं, मरणाचं त्याहून घटतं, मात्र पूर्ण संरक्षण मिळत नाही.

गंमत पुढे आहे. दुसऱ्याचे आकडे तपासणाऱ्या राइट यांच्यावर काही वर्षांत तीच पाळी आली. दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांना त्यांची टायफॉइडची लस दिली गेली होती. लेडीस्मिथच्या वेढ्यात, म्हणजे नोव्हेंबर १८९९ ते फेब्रुवारी १९०० या काळात, १०,५२९ सैनिक न टोचलेले होते. त्यातल्या १,४८९ जणांना टायफॉइड झाला, ३२९ मेले. टोचलेले होते १,७०५. त्यातल्या ३५ जणांना झाला, ८ मेले. शंभरात चौदा विरुद्ध शंभरात दोन. इथे दोन्ही बाजू विषम आहेत, एकीकडे दहा हजार आणि दुसरीकडे सतराशे, पण म्हणून तुलना खोटी ठरत नाही. लहान बाजूच पुरेशी मोठी आहे. विषमता हा दोष नसतो, लहान बाजू फारच लहान असणं हा असतो.

आता याच आकड्यांत आणखी एक तुलना करून पाहा. आजारी पडलेल्यांपैकी किती मेले? न टोचलेल्यांत १,४८९पैकी ३२९, म्हणजे शंभरात बावीस. टोचलेल्यांत ३५पैकी ८, म्हणजे शंभरात तेवीस. कुणी म्हणेल, पाहा, लस घेऊन आजारी पडलात तर मरण उलट जास्तच. पण ३५मधला एक शिपाई वाचला असता तर हा आकडा वीस झाला असता. आणखी एक वाचता तर सतरा. एका माणसामागे जवळजवळ तीन टक्के हलतात. समोरच्या बाजूला एक माणूस वाचला तर पंधराशेत काही कळतही नाही. त्याच तक्त्यातली एक तुलना पोलादी आहे आणि दुसरी वाळूवर उभी आहे, आणि दोन्ही छापलेल्या सारख्याच दिसतात.

१९०४मध्ये कार्ल पिअर्सन या लंडनच्या संख्याशास्त्रज्ञाकडे हे सगळे आकडे गेले. दक्षिण आफ्रिकेतले, हिंदुस्थानातल्या छावण्यांतले. काही गट हजारोंचे, काही अगदी चिमूटभर. त्यांनी प्रत्येक गटात लसीचा किती संबंध दिसतो ते काढलं, शेजारी त्यात किती चूक संभवते तेही मांडलं, आणि मग सगळ्यांची सरासरी घेतली. निष्कर्ष राइट यांना झोंबणारा होता: संबंध आहे, पण देवीच्या लसीइतका पक्का नाही, आणि गटागटांत त्याची चढउतार फार आहे. स्वतःहून पुढे येणारा शिपाई मुळातच सावध असू शकतो, हेही त्यांनी दाखवलं आणि उपाय सुचवला: राजी असलेल्यांची यादी करा आणि त्यातल्या एकाआड एकालाच टोचा. उमरखाडीच्या रांगेचीच ही गोष्ट. फरक इतकाच की इथे रांग फक्त राजी असलेल्यांची, त्यामुळे सावधपणा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. राइट चिडले, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोघांची जोरदार पत्रापत्री झाली. पुढे १९१५मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोघांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसींचे आकडे पुन्हा तपासताना अटीच घालून दिल्या: दोन्ही बाजूंची माणसं सर्व महत्त्वाच्या बाबतीत सारखी हवीत, आजाराशी त्यांची गाठ पडण्याची संधी सारखी हवी, आणि कोणाला टोचलं हे माहीत असल्याचा परिणाम रोग ओळखण्यावर होता कामा नये.

हाफकिन यांचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. आज तिथेच हाफकिन संस्था आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. गहजब झाला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. १०७पैकी १९ म्हणजे शंभरात अठरा, लस नव्हे विष, असंच कुणीही म्हणेल. पण ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. त्या बाटलीतले १९पैकी १९ गेले आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही. इथे छेद १०७ नव्हता. त्याआधी टोचलेले लाखो लोकही नव्हते. छेद बाटलीचा होता. दोष लसीच्या घाण्यात असता तर सगळ्याच बाटल्यांनी मारलं असतं. गावात बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हा साधा भागाकार मान्य व्हायला साम्राज्याला जवळजवळ पाच वर्षं लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे पाठीशी उभे राहिले तेव्हा १९०७मध्ये हाफकिन परत हिंदुस्थानात आले, तेही मुंबईला नव्हे, कलकत्त्याला.

हे सगळं मी मामूंना दोन बैठकांत सांगितलं. भायखळ्याने त्यांना फारसं हलवलं नाही. लेडीस्मिथच्या पस्तीस जणांवर ते खूश झाले, कारण 'तिसातले तीन' हा त्यांचाच मुद्दा तिथे होता. मी कबूल केलं की आपल्या जमातीच्या यादीवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. नऊ मयतींवरून लस चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. त्यासाठी मोठ्या चाचण्या पाहाव्या लागतात, जिथे चिठ्ठ्या टाकून हजारोंचे दोन गट केलेले असतात. त्यातलं मला समजलं तेवढं त्यांना दाखवलं.

मामू अडले ते उंधेऱ्यावर. "एकाच घरातली निम्मी सोडली?" त्यांनी दोनदा विचारलं. "त्या चौसष्ट जणांना कुणी विचारलं होतं?"

मी म्हणालो, "मामू, त्या काळी विचारून लेखी संमती घ्यायचा नियमच नव्हता."

"मग ते सव्वीस जण आपल्याला सांगण्यासाठी गेले," मामू म्हणाले, आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वही घेतली, डिसेंबरपासूनच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'एकूण २१०, घेतलेले १८०, न घेतलेले ३०' असं लिहिलं, आणि तिसाला काट मारून एकोणतीस केले. पुढच्या जुम्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना केंद्रावर घेऊन गेलो. दोन दिवस हात दुखला, त्याची तक्रार ते अजून करतात.